कंडक्टरबाईंचा दात

कंडक्टरबाईंचा दात दुसऱ्यांदा परत आला, त्या दिवशी मी ठरवून टाकलं. तिसराही परत आला तर भट्टी विकायची आणि लॅबला कुलूप लावायचं.

मी दात बनवतो. डॉक्टर तुटका दात तासून त्याचा खुंट करतात, खुंटाचं माप माझ्याकडे पाठवतात, आणि मी त्यावर बसेल अशी सिरॅमिकची कॅप करतो. आत धातूची पातळ टोपी, तिचा काळेपणा झाकणारा एक थर, मग पावडर पाण्यात कालवून ब्रशने चढवलेले दोन-तीन थर. प्रत्येक थराला भट्टीत एक फेरी. चौतीस वर्षं हेच करत आलो. कॅप जाड झाली तर जीभ लगेच चहाडी करते. रंग चुकला तर मात्र ज्याचा दात त्याला सगळ्यात शेवटी कळतं. आधी समोरच्याला कळतं, आणि तो सभ्य असेल तर बोलत नाही.

कंडक्टरबाईंचे प्रवासी सभ्य नव्हते. बस कचकन थांबली, बाई तिकीट फाडत होत्या, आणि दाराजवळचा दांडा त्यांच्या वरच्या पुढच्या दातावर बसला. माझी पहिली कॅप लावून त्या कामावर गेल्या आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे परत आल्या. बसमधले रोजचे एक आजोबा त्यांना म्हणाले होते, "बाई, पेन चावायची सवय बरी नाही. शाई राहिलीय बघा दाताला."

दुसऱ्या कॅपच्या डबीत डॉक्टरांची चिठ्ठी होती. 'अजून करडाच दिसतो. पुन्हा कर.' आणि खाली, 'स्वतःची काळजी घे.' मला पहिल्या ओळीपेक्षा दुसरीचा राग आला.

आमची ही जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. त्या आधी वर्षातून एखाददुसरा दात रंगासाठी परत यायचा. या सात महिन्यांत अकरा आले.

लोकांना वाटेल, रंग ती बघत असणार. तसं नव्हतं. रंग मीच बघायचो. डॉक्टर पुढच्या दातांचे रुग्ण लॅबमध्ये पाठवायचे, आणि मी रंगांच्या पट्टीवरचे सोळा नमुन्याचे दात एकेक करून त्यांच्या ओठांशी धरायचो. ही फक्त माणसांना बसवायची आणि मध्ये मध्ये बोलायची. आल्या आल्या ओठांचा रंग पुसायला लावायची. स्वतःचा कामाचा कोट त्यांना उलटा घालायची, न्हाव्याकडे कापड बांधतात तसा. मला म्हणायची, "अहो, आधी रंग बघा, गप्पा नंतर. दात वाळला की पांढरा दिसतो." मी एकाच दाताकडे टक लावून बसलो की खांदा धरून मला वळवायची. "पुरे. भिंतीकडे बघा जरा."

"भिंतीत काय आहे?"

"तुमचं डोकं थंड करायची जागा."

डॉक्टर एकदा तिथे होते. त्यांना हे फार आवडलं. पुढे कित्येक वर्षं ते लोकांना सांगायचे, "याची बायको याला शाळेतल्यासारखं भिंतीकडे तोंड करून उभं करते."

ती भिंत राखाडी होती. चारही भिंती राखाडी. दर दोन वर्षांनी ही त्यांना तोच रंग द्यायची, आणि कामाचा कोटही राखाडीच शिवून घ्यायची. मी एकदा विचारलं होतं, "सगळ्या जगात पांढरा कोट असतो, तुझा हा काय रंग?" ती म्हणाली, "मळत नाही." मला वाटलं, आवडता रंग असेल, कारण काय सांगायचं म्हणून सांगतेय. तेव्हापासून मी तिला काही आणायचं झालं की राखाडीच आणायचो. तीन शाली आणल्या, वेगवेगळ्या वर्षी. तिन्ही तिने वापरल्या.

ती गेल्यावर तिची धाकटी बहीण आठवडाभर राहायला आली. माझी मेहुणी बँकेत आहे, पण हाताला स्वस्थता नाही. तिसऱ्या दिवशी ती लॅबच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भावोजी, ही खोली आहे की कोठडी?"

"तुझ्या ताईनेच रंगवलीय."

"माहितीय. पण आता तुम्ही एकटे बसणार इथे. मला तिकडे झोप लागायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती रंगाचे डबे घेऊन आली. डोक्याला जुनी ओढणी बांधून, खुर्चीवर चढून, दोन दिवसांत तिने सगळ्या भिंती पिवळ्या केल्या. कोवळ्या उन्हासारखा पिवळा. खिडकीला त्याच रंगाचा पडदा शिवला. तिच्या कोपरापर्यंत रंग लागला होता, नाकावर एक ठिपका होता. खाली उतरून ती म्हणाली, "ताईला आवडला असता." अशा वेळी सगळे असंच म्हणतात, म्हणून मी मान डोलावली. खोली खरंच छान दिसत होती. सकाळी तिथे बसलं की कुणीतरी आत्ताच उठून चहा ठेवायला गेलंय असं वाटायचं.

त्यानंतर दात परत यायला लागले.

मी आधी भट्टीवर संशय घेतला. भट्टी जुनी झाली की आकडा एक दाखवते आणि आत तापते दुसरंच, मग पावडर कमीजास्त भाजते आणि रंग मरतो. चांदीची बारीक तार आत ठेवून ती नेमकी कधी वितळते ते पाहिलं. भट्टी ठीक होती. मग पावडरचा नवा डबा फोडला. मग थर मोजले. सिरॅमिक पातळ राहिलं तर आतला धातू वर डोकावतो आणि दात करडा दिसतो. थर हवा तेवढा जाड होता. मग भट्टीतल्या फेऱ्या कमी करून पाहिल्या, कारण जास्त वेळा भाजलं तरी रंग बदलतो. तरीही दात परत. शेवटी मी डॉक्टरांना फोन केला. जुनी दोस्ती, बोलताना अरे-तुरेच.

"तू कॅप चिकटवायचं सिमेंट बदललंस का? सिमेंटचा रंग खालून वर येतो."

"नाही रे."

"नीट आठव."

"अरे बाबा, सिमेंट तेच आहे. वहिनी होत्या तेव्हाचंच."

मग डॉक्टर म्हणाले, "डोळे दाखवून घे एकदा."

घेतले दाखवून. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. हे वाक्य मला फारसं उपयोगी पडलं नाही. डोळे उत्तम असूनही रंग चुकतोय, याचा अर्थ मला एकच दिसत होता. माझी नजर अशी कधी नव्हतीच. ती शेजारी उभी राहून काहीतरी करायची, माझ्या हातात बरोबर नमुना येईपर्यंत खांदा हलवत राहायची, आणि मी चौतीस वर्षं छाती फुगवून फिरत होतो. ती असती तर तिला विचारलं असतं. ती हसली असती, पण खरं सांगितलं असतं.

म्हणून ठरवलं. कंडक्टरबाईंचा तिसरा दात, आणि मग बास.

बाई मंगळवारी सकाळी आल्या, दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत. पन्नाशीच्या आसपासच्या, जाडजूड, अंगात नोकरीचं नारिंगी जॅकेट, तोंडावर हात. हात काढून बोलायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं.

"काका, माझ्याकडे पस्तीस मिनिटं आहेत. ड्रायव्हरला सांगून आलेय, माझ्याशिवाय निघालास तर तिकिटं तूच फाड."

"बसा. ओठ पुसा."

"काही लावलेलंच नाही. आता कोणासाठी लावू, त्या आजोबांसाठी?"

खुर्चीत बसून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. या आधी दोन्ही वेळा रंग मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आणि फोटोवरून ठरवला होता. फोटोशी नमुना ताडून पाहिला तोही याच खोलीत. बाई स्वतः चार वर्षांनी आल्या होत्या. तेव्हा त्यांच्या त्याच दाताच्या शेजारच्या दाताला मी कॅप केली होती, आणि ती आजही ओळखू येत नव्हती.

"खोली बदलली तुमची," त्या म्हणाल्या. "मागे आले तेव्हा राखेच्या ढिगात बसल्यासारखं वाटलं होतं. मी काकूंना म्हटलंसुद्धा, इथे कुणी वारलंय का."

बोलून गेल्या आणि एकदम त्यांचा हात परत तोंडावर गेला.

"काका, माफ करा. माझी जीभ..."

"असू दे. ती काय म्हणाली?"

"हसल्या. म्हणाल्या, भिंत गप्प बसली की दात बोलतो." बाईंनी नारिंगी जॅकेटची कड चाचपली. "आणि हे जॅकेट झाकलं होतं त्यांनी. स्वतःचा कोट मला उलटा घातला. म्हणाल्या, याच्या शेजारी दात लाजतोय बिचारा."

मी नमुना हातात घेऊन उभा होतो. दुसरी कॅप टेबलावर डबीत होती. ती काढली, नमुन्याशेजारी धरली, बाईंच्या दातांशी धरली. अगदी सारखी. शंका घ्यायला जागा नव्हती.

"बाई, जरा बाहेर या."

"कुठे?"

"जिन्यात."

"काका, पस्तीस मिनिटं..."

"दोन मिनिटं लागतील."

आमच्या जिन्याला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे आणि भिंती नुसत्या सिमेंटच्या. तिथे बाईंना उभं केलं, जॅकेट काढायला लावलं, तोंड उघडायला लावलं आणि कॅप धरली. खालच्या मजल्यावरची मुलगी भाजी घेऊन वर येत होती, ती आम्हाला वळसा घालून गेली.

कॅप करडी होती. शेजारच्या दातात पिवळसर ऊब होती, मानेकडे, म्हणजे हिरडीजवळ, जरा जास्त, टोकाकडे कमी. माझी कॅप त्याच्याजवळ आजाऱ्यासारखी दिसत होती. शाई लागल्यासारखी. आजोबा बरोबर होते.

मला दिसत होतं. बाहेर, त्या जिन्यात, मला ते लख्ख दिसत होतं.

"काय झालं काका? रडू नका हो. दातच आहे."

"रडत नाही. आत चला."

आत येऊन मी उभा राहिलो आणि प्रथमच त्या भिंतींकडे कामाच्या नजरेने पाहिलं. सगळीकडून पिवळा उजेड येत होता. दातावर पडत होता, नमुन्यावर पडत होता, आणि माझे डोळे सकाळपासून त्यातच बसलेले. इतका पिवळा पोटात गेल्यावर दातातला तेवढासा पिवळा मला कुठून दिसणार? मी प्रत्येक वेळी कमी पिवळा नमुना उचलत होतो, आणि पडद्याआड बसून स्वतःला शाबासकी देत होतो.

पडदा काढला. मग कपाटातून तिच्या तिन्ही शाली आणल्या आणि खुर्चीसमोरच्या आणि बाजूच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवल्या. दाराच्या मागे तिचा कोट होता. सात महिने मी त्याला हात लावला नव्हता. तो काढला, झटकला आणि कंडक्टरबाईंना उलटा घातला.

"हाच तो," त्या म्हणाल्या. "याच्या खिशात तेव्हाही बडीशेप होती."

आताही होती.

"थोडं पाणी प्या," मी म्हटलं. त्या प्यायल्या. मग मी पाठ फिरवली आणि शालीकडे बघत उभा राहिलो. दहा आकडे मोजले. आपलं आपणच भिंतीकडे वळायला विचित्र वाटत होतं. खांद्यावर हात असायचा तिथे सवयीने खांदा जरा पुढे गेला.

"काका, शालीत काय बघताय?"

"डोकं थंड करतोय."

वळून दाताकडे पाहिलं. पाच आकड्यांत नमुना उचलला. इतके दिवस धरत होतो त्याच्या पुढचा, जास्त पिवळा, आणि मानेजवळ त्याच्याही पुढच्याची छटा. पुन्हा शाल, पुन्हा दात. तोच आला. तिसऱ्यांदा पाहिलं, तोच. कागदावर दाताचं चित्र काढून कुठे कुठली पावडर ते लिहिलं. बाईंची तीस मिनिटं झाली होती. कोट काढताना त्यांनी तो नीट घडी करून खुर्चीवर ठेवला, वर हलकेच हात फिरवला आणि पळाल्या.

कॅप करायला दोन दिवस लागले. नव्या डब्यातल्या पावडरबरोबर एक घडीचा कागद येतो, बारीक अक्षरांचा. मी आयुष्यभर त्यावर ब्रश पुसले. ही ते कागद वाचायची. दुपारी चष्मा नाकावर ओढून, जणू कुणाचं पत्र आलंय. मी चिडवायचो, "परीक्षा आहे का?" या वेळी ब्रश पुसायच्या आधी मी तो उघडला. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं, रंग निवडण्याच्या खोलीतल्या भिंती करड्या, उदासीन रंगाच्या असाव्यात. रुग्णाचे भडक कपडे झाकावेत. दात ओला असताना रंग पाहावा. डोळे थकले की करड्या पृष्ठभागाकडे पाहावं. सगळं तिचंच बोलणं होतं, फक्त तिच्याइतकं मजेशीर नव्हतं. आमची ही मला तो परिच्छेद वाचून दाखवू शकली असती. पण वाचून दाखवला असता तर मी म्हटलं असतं, मला शिकवू नकोस. तेवढं ती ओळखून होती. म्हणून तिने परिच्छेद मला न सांगता भिंतीला लावला.

गुरुवारी डॉक्टरांनी कॅप बसवली. त्यांचा फोन आला नाही, चिठ्ठी आली नाही. मला राहवेना. शनिवारी सकाळी मी थांब्यावर गेलो आणि कंडक्टरबाईंच्या बसची वाट पाहत उभा राहिलो. पहिल्या दोन बस सोडल्या. तिसऱ्या बसच्या दारात नारिंगी जॅकेट दिसलं.

"पुढे सरका, पुढे सरका, मागे काय घर बांधलंय?" बाई ओरडत होत्या. आता एकही हात तोंडावर नव्हता. एकात तिकिटं, दुसऱ्याने दांडा धरलेला.

मला पाहिल्यावर त्यांनी तोंड भरून हसून दाखवलं, दिवसाच्या उजेडात, खिडकीशेजारी. मी बघत राहिलो. खरं सांगतो, चौतीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला क्षणभर कळेना की त्यातला आपला कुठला.

"आजोबा!" बाई मागे वळून म्हणाल्या. "हे दातवाले. यांना सांगा शाईचं."

काठी धरून बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पेन चावायचं सोडलं त्यांनी," तो म्हणाला. "मी किती दिवस सांगत होतो."

बाईंनी मला तिकीट दिलंच. नोकरी म्हणजे नोकरी. मी शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो.

भट्टी विकायची नव्हती, पण एक अवघड काम उरलं होतं. पिवळ्या भिंतींचं मेहुणीला सांगायचं होतं. तिने खुर्चीवर चढून, दोन दिवस खपून केलेलं. रविवारी फोन केला आणि पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

"भावोजी, तुम्ही हवेबद्दल कधी बोलत नाही. काय झालं?"

सांगितलं सगळं. भिंत, अकरा दात, जिना, शाली. ती ऐकत होती. मला वाटलं, दुखावली.

"सात महिने," ती शेवटी म्हणाली. "सात महिने तुमचे दात माझ्यामुळे परत येत होते, आणि तुम्ही दर रविवारी मला सांगत होतात, खोली फार छान वाटते."

"छान वाटतेच. म्हणजे, तू एवढ्या प्रेमाने..."

"ताई म्हणायची ते खरंय. तुमच्या पायावर कुणी पाय दिला तर तुम्ही म्हणता, तुमच्या चपलेला लागलं नाही ना."

"तसं नाही. मला काय माहीत. तिला राखाडी आवडायचा, मला वाटलं नुसती आवड..."

"कोणाला राखाडी आवडायचा?"

"तुझ्या ताईला."

पलीकडे ती हसायला लागली. इतकी हसली की फोन बहुतेक बाजूला ठेवला. परत आली तेव्हा आवाज ओला होता.

"भावोजी, ताईला राखाडी रंग डोळ्यांसमोर नको असायचा. लहानपणापासून पिवळ्याची वेडी होती ती. फ्रॉक पिवळा, छत्री पिवळी, वहीला कव्हर पिवळं. मी भिंती पिवळ्या का केल्या असं वाटतं तुम्हाला? त्या खोलीला ती काय म्हणायची ठाऊक आहे? म्हणायची, यांच्या कामाला लागते म्हणून बसते मी त्या ढगात. आणि तुमच्या शाली! तिसरी आणलीत तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं, चौथी आणली तर मी घर सोडून तुझ्याकडे येते."

मला त्या तीन शालींची आठवण येत होती. प्रत्येक वेळी तिने ती खांद्यावर घेऊन आरशात पाहिलं होतं, आणि म्हणाली होती, "अहो, किती शोभते हो." एकदाही तिचा चेहरा चुकला नव्हता. दातांचे सोळा रंग ओळखणारा माणूस मी.

"ऐकताय ना?" मेहुणी म्हणाली. "पुढच्या शनिवारी येते. राखाडीचा डबा आणून ठेवा. आणि उरलेला पिवळा टाकू नका."

ती आली, ओढणी बांधली, आणि लॅबच्या भिंती पुन्हा राखाडी झाल्या. या वेळी मीही एक भिंत रंगवली. ती म्हणाली, माझ्या भिंतीवर ब्रशचे फटकारे दिसतात. मी म्हटलं, मला दातभर जागेत रंगवायची सवय. उरलेला पिवळा झोपायच्या खोलीच्या एका भिंतीला पुरला, हिच्या बाजूच्या. शाली धुऊन कपाटात ठेवल्या. त्यातली एक मेहुणी घेऊन गेली. दारातून म्हणाली, "मलाही आवडत नाही राखाडी, पण नेते."

सोमवारी पुढच्या दातासाठी एक शिक्षक आले. मी त्यांना बसवलं, हिचा कोट उलटा घातला, पाणी दिलं. मग पाठ फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिलो.

"काय पाहताय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आमच्या हिने सांगितलंय," मी म्हटलं, आणि दहापर्यंत मोजून वळलो.